पाठकोरा

नोव्हेंबरात नदीच्या कडेला पाणी धरू लागलं
की आमच्या शाळेत लोखंडी कपाटं यायची,
चाकांवरची, मिटलेली, जादूगाराच्या सामानासारखी.
शिपाई मिस्टर उलेट ती लायब्ररीत ढकलत नेत.
एक चाक दरवर्षी कुरकुरायचं
आणि आम्ही भागाकार अर्धा टाकून
एकमेकांकडे बघायचो: आलं, प्रदर्शन आलं.

मेनमधलं आमचं गाव कागदाच्या गिरणीवर जगायचं.
दार उघडलं की कुजक्या कोबीचा वास.
पाहुणे नाक दाबत;
बाबा म्हणत, पगाराचा वास आहे तो.
त्यांच्या हातात पुस्तक दिलं तर ते वाचत नसत.
पान चिमटीत धरून चोळत,
दिव्यासमोर धरत
आणि निकाल देत: "हलका माल. दहा वर्षांत पिवळा पडेल."

आईचं मत वेगळं आणि मोठ्या आवाजातलं.
"शाळेत दुकान!
पोरं आत कोंडायची आणि समोर माल मांडायचा.
चर्चमध्ये निदान नुसती थाळी फिरवतात,
घरी चिठ्ठी नाही पाठवत."

कारण चिठ्ठी यायची.
मिसेस थिबोडो प्रत्येकाला एक कागद देत:
आवडलेली पुस्तकं लिहा, पुढे किंमत लिहा, घरी दाखवा.

गिरणीत संप होता त्या वर्षी
माझ्या यादीत चार ओळी होत्या.
ग्रह, देवमासे, दीपगृहात राहणारी एक मुलगी,
या तिन्ही खोट्या, सभ्य दिसायला लिहिलेल्या.
चौथी खरी: कुलपाची डायरी,
जांभळी, इवल्याशा किल्लीसकट.
मार्नी पेल्कीच्या गळ्यात ती किल्ली
सोमवारपासूनच लटकत होती.

शुक्रवारी आईने सँडविचच्या पिशवीत नाणी बांधून दिली,
मोजून, एकही जास्त नाही.
"दीपगृह," म्हणाली. "आणि थेट घरी."

मी दीपगृह आणलं
आणि तीन दिवस बोलले नाही.
तिने कारण विचारलं नाही.
बाबांनी पान चोळलं, "आपल्या गिरणीचा नव्हे हा,"
आणि पुस्तक हळूच टेबलावर ठेवलं,
परक्याचं मूल मांडीवरून उतरवावं तसं.

गेल्या मार्चमध्ये तिचं स्वयंपाकघर आवरताना
बटणांच्या डब्याच्या तळाशी ती यादी निघाली.
पाठकोरा कागद आईने कधी टाकलाच नाही.
मागे तिचं अक्षर, पेन्सिलीचं, उजवीकडे कललेलं:
दूध. ओट. रॉकेल.
ड्वाइटचे बूट, ते खोडून, ड्वाइटचे तळवे.
अंडी.
अंड्यांवर रेघ.
कडेला वजाबाकी, तीन वेळा मांडलेली.
पहिल्या दोन डायरीच्या होत्या.
दुसऱ्यांदा तिने रॉकेलही कमी करून पाहिलं होतं.

म्हणजे चौथी ओळ तिने वाचली होती.
म्हणजे खरी कुठली, हे तिला कळलं होतं.

त्या आठवड्यात आम्ही काय खाल्लं, मला आठवत नाही.
अंडी नव्हती हे तर मुळीच नाही.
दीपगृह अजून माझ्याकडे आहे,
बाबा म्हणाले होते तसंच पिवळं, कडांना बिस्किटासारखं.

गिरणी कधीच बंद झाली. गावाला आता कसलाच वास येत नाही.
यादी फोनवर येते, पैसे फोनवरून जातात.
काल सायलस म्हणाला, पुस्तक नको,
बर्गरसारखं दिसणारं खोडरबर हवंय, पाच डॉलरचं.
माझ्या तोंडून आईच बाहेर पडली:
"शाळेत दुकान!"
तो दचकला. मग मी पैसे पाठवले.

संध्याकाळी त्याने गणिताच्या वहीवर ते घासून पाहिलं.
खोडत नाही.
शिसं नुसतं पसरवतं, कागद काळवंडतो
आणि खालचे आकडे तसेच दिसत राहतात.