दोन डेअऱ्यांचं गाव

केरबा मगदूम, दोनशे अकरा.
हिंदुराव हुजरे, दोनशे अकरा.
एक मत बाद; कुणीतरी दोन्ही चित्रांवर शिक्का मारलेला,
एवढा चांगला माणूस घुंगुरटेकात कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.
सरपंचकी त्या एका जागेवर अडलेली.

लोहाराची पोर कुणाच्याच भावकीत बसत नव्हती
म्हणून मला उचलून शाळेच्या टेबलावर उभं केलं.
मी पाच वर्षांची.
तांब्यात दोन चिठ्ठ्या.
साहेब म्हणाले, डोळे मीट बाळ.

गुलाल माझ्याही डोक्यावर पडला.
आईनं तीनदा न्हाऊ घातलं,
परकराच्या काठाला तो राहिलाच.
दुसऱ्या दिवशी हुजरे गल्लीतून
एकही खुरपं पाजवायला आलं नाही.

बाप भात्यापाशी बसून जुनं सांगायचा:
पहिल्या मताला नदीवर पूल नव्हता.
चित्रं डकवलेल्या लोखंडी पेट्या
गुळाच्या काहिलीत घालून पल्याड नेल्या.
काहिलीला बुडाशी भोक, आदल्या रात्री त्यानंच बुजवलेलं.
"लोकशाही माझ्या रिबिटावर तरली,"
आणि हसायचा. त्या वर्षी मात्र हसला नाही.

मग सगळ्याचं दोन झालं.
दोन डेअऱ्या, समोरासमोर,
दोन सोसायट्या, दोन तालमी, दोन गणपती,
कारखान्याच्या मताला विमान आणि कपबशी.
म्हशीसुद्धा आपापल्या डेअरीच्या दारात थांबायच्या.
मगदुमांची एक रेडी एकदा चुकून पलीकडं गेली,
तर तिची फॅट कमी लागली म्हणे.

मतदानाआधी सदस्य सहलीला जायचे.
गोव्याहून परत येताना अंगावर नवे शर्ट
आणि नजर जमिनीवर.
तांबडा रस्सा एका मांडवात, पांढरा दुसऱ्या,
पोरं दोन्हीकडं जेवायची
आणि घोषणा तिसऱ्याच द्यायची.
पूल झाला. कुणाच्या काळात झाला
त्याचे दोन दगड आहेत, दोन टोकांना.

बायकांचं आरक्षण आलं तेव्हा
हुजऱ्यांची सून सुशिला सरपंच झाली.
पहिली दोन वर्षं नवरा सह्या करायचा.
तिसऱ्या वर्षी ग्रामसभेत तिनं पेन मागितलं.
फक्त पेन.
त्यानं खिसे चाचपले, पेन सापडेना,
तेव्हा माझ्याच पिशवीतलं मी तिला दिलं.
त्या दिवसापासून हुजरे गल्लीत
मला कुणीतरी "बस" म्हणू लागलं.

यंदा पुन्हा बरोबरीत सुटलं.
तीनशे चार, तीनशे चार.
आता यंत्रं आहेत, पण यंत्राला चिठ्ठी उचलता येत नाही.
साहेब तरुण होते. म्हणाले, एखादं लहान मूल बोलवा.
आणि मी पाहिलं,
सगळ्या आयांनी आपापली पोरं पदराआड घेतली.
कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.
त्यामुळंच कळलं, सगळ्या माझ्याकडंच बघतायत.

शेवटी ऊसतोड टोळीतली एक पोर आणली,
बीडकडची, तळपायाला चिखल,
इथं ना तिच्या आईबापाचं नाव यादीत ना म्हैस कुठल्या डेअरीत.
तिनं हात घातला. काढला. साहेबांनी वाचलं.
बाहेर हलगी सुरू झाली, जेसीबीतून गुलाल.

पोर तशीच उभी, पुन्हा हात डब्यात.
काय शोधतीस गं?
"दुसरी."

पासष्ट वर्षांची झाले, कुणाला सांगितलं नाही:
माझ्या बोटांत आधी आली होती ती दुसरीच.
ओलसर होती. तांब्याच्या बुडाला पाणी राहिलेलं.
मला ओलं आवडलं नाही, म्हणून सोडली.

तिला नळापाशी नेलं.
हात धुतले, कोपरापर्यंत, मग कानामागं.
परकर नव्हता तिला, फ्रॉक होता,
त्याच्या काठाला मी बराच वेळ साबण लावत राहिले.