ती चादर कोणी धुतली

शारांत नदीच्या काठी, जुन्या कागदगिरणीत
आमचा स्टुडिओ. खिडक्या नीट लागत नाहीत,
म्हणून हातमोज्यांची बोटं कापून
मी नदी रंगवते.

गोष्ट इथलीच, सगळ्यांना पाठ.
जंगल, पोर, लांडगा, म्हातारीचा बिछाना.
पण ओदिलनं घेतलं ते तिच्या मावशीच्या गावचं रूप.
त्यात कुऱ्हाडवाला येत नाही.
पोर स्वतःच निसटते, धापा टाकत नदीवर येते,
आणि दोन्ही काठांवरच्या धुणं धुणाऱ्या बायका
एक ओली चादर ताणून धरतात.
पोर तिच्यावरून पळत जाते.
मागून लांडगा. त्याच चादरीवर पाय टाकतो.
बायका एकमेकींकडे बघतात
आणि हात सोडतात.

एवढंच. अकरा सेकंद.
सेकंदाला बारा, म्हणजे एकशे बत्तीस चादरी.
ओदिल दिवसाला सहा काढायची, चार फाडायची.
"कापड आहे हे, फळी नाही," पुटपुटायची,
"पोरीच्या वजनानं मधोमध पोट सुटायला हवं."
एकदा घरची चादर घेऊन आली.
तिबोनं एक टोक धरलं, मी दुसरं,
आणि गिरणीतली मांजर मधे सोडली.
मांजर धावली नाही. झोपली.
तेही चित्र तिनं काढून ठेवलंय.

पॅरिसहून वाहिनीवाले आले. म्हणाले,
लांडगा बुडायला नको. पोहत जाऊ दे लांब कुठे.
लहान मुलं बघणार.
ओदिल पेन्सिलीला टोक करत राहिली
पेन्सिल संपेपर्यंत.

मार्चमध्ये एका शाळेत कच्चा चित्रपट दाखवला.
माझी नदी कुठे निळी, कुठे नुसती रेघ.
लांडगा बुडाला. बुडबुडे आले, थांबले.
आमचा सगळ्यांचा जीव टांगणीला.
अंधारात कुणी रडलं नाही.
दिवे लागल्यावर दुसऱ्या रांगेत एक हात वर झाला,
एल्वान, पुढचे दोन दात पडलेली.
"ती चादर," म्हणाली, "मग कोणी धुतली?"

वाहिनीवाले हसले.
परतीच्या गाडीत ओदिल अवाक्षर बोलली नाही,
तिबोनं दिलेलं सफरचंद मांडीवर तसंच.

सोमवारी तिच्या टेबलावर
पटकथेत नसलेली, पैशांत न बसणारी नवी चित्रं.
बायका गुडघ्यांवर बसल्यात, बाह्या वर.
चादरीवर चिखलाचे पंजे
आणि त्यांच्या थोडं पुढे पोरीची दोन पावलं.
त्या आपटतात, पिळतात, उजेडात धरून बघतात,
पुन्हा आपटतात.
पंजे जातात.
पावलांपाशी सर्वांत थोराड बाईचा हात
जरासा रेंगाळतो. मग तीही जातात.

मला म्हणाली, इथलं पाणी थोडं गढूळ कर.
किती?
आत्ताच इथून कोणीतरी गेलंय,
एवढं.