उत्कलनबिंदू

पाणी किती अंशांवर उकळतं?
शंभर.
पुस्तकात तसंच आहे, पान एकेचाळीस,
खालची तांबडी रेघ माझीच.

ओरुरोच्या वरच्या अंगाला आमची शाळा,
पत्र्याचं छप्पर, बत्तीस पोरं, एक तापमापक.
एकच, म्हणून कपाटात,
किल्ली माझ्या खिशात,
अकरा वर्षं.

"शंभर काय? लामा? बटाटे?
एकक लिहा रे, एकक!
एककाशिवाय उत्तर म्हणजे
पत्त्याशिवायचं पाकीट."
पोरं हसायची, लिहायची: अंश सेल्सिअस.
मी बरोबरची खूण करायचो.

यंदाच्या चाचणीत पांकारा चोकेनं लिहिलं,
सत्त्याऐंशी अंश सेल्सिअस.
एकक अगदी बिनचूक.
मी फुली मारली.
ती वही घेऊन टेबलाशी आली, भांडली नाही,
म्हणाली, "प्रोफे, किल्ली द्या."

गॅसची शेगडी, पोचे पडलेलं पातेलं,
वाफेवर वाकलेली बत्तीस डोकी.
पारा चढला, चढला
आणि सत्त्याऐंशीवर जाऊन बसला,
म्हातारा उन्हाला बसावा तसा. उठेचना.
पाणी तर खदखदत होतं.
मी म्हणालो, तापमापक बिघडलाय.
तिनं तो बर्फाच्या चुऱ्यात खुपसला. शून्य.
मी म्हणालो, आच कमी पडते.
तिनं वाढवली. खदखद वाढली, पारा नाही.
मग माझ्याकडे फक्त पुस्तक उरलं.
तिनं तेच मागितलं.

"पान त्रेचाळीस. तळाला बारीक अक्षरात टीप आहे.
तुम्ही ती शिकवत नाही.
दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी.
स्टेशनच्या पाटीवर आपली उंची लिहिलीय,
एकोणचाळीसशे.
मी फक्त भागाकार केला."
आणि मग, जरा थांबून,
"आईला हे आधीच माहीत होतं.
तिचे बटाटे शिजतच नाहीत."

वही परत देताना समासात दिसलं
पेन्सिलीनं केलेलं एक गणित,
मी न विचारलेलं:
शंभर वजा सत्त्याऐंशी, बरोबर तेरा.
शेजारी एक शब्द, बाबा.
तिचे बाबा खाली इकिके बंदरात
मासळीच्या कारखान्यात असतात.
तिथे पाणी शंभरला उकळतं.

माझं पेन आपसूक पुढे झालं,
तेरा काय?
मी त्याला टोपण घातलं.

फुली मात्र शाईची होती.
ती खरवडली तर कागद फाटला असता.
मी तिच्या खाली सही केली.
सहीचा अर्थ काय, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

पाणी उकळतच होतं, वाया का घालवायचं,
कुणीतरी दप्तरातले चार बटाटे सोडले.
फोर्तुनातोनं काटा टोचून पाहिला.
"कच्चा."
"अजून वीस," मी म्हणालो.

आणि बत्तीसच्या बत्तीस पोरं एका सुरात:
"वीस काय, प्रोफे?"