आठ टक्के

केळीच्या खोडाचा कागद, हाताने गाळलेला,
त्यावर पऱ्हाटीच्या कोळशाची शाई,
बाभळीच्या डिंकात खललेली.
दोन फण्या छापल्या, दात एकमेकांत,
पण कुठेही न भिडणारे.
त्या फटीत हवा काय म्हणते, तेवढंच ऐकायचं.

बोदवडच्या जिनिंगमध्ये देवचंदभाऊ कोल्हे
कापसाच्या गंजीत कोपरापर्यंत हात घालून
चाळीस वर्षं ओल सांगतात.
मी कागद खोचला. मीटर म्हणालं, आठ.
"साडेनऊ," भाऊ म्हणाले, हात बाहेर न काढता.

पुन्हा खोचला. आठ.
शेवटी ते वाकले, कागदाच्या अगदी तोंडाशी,
आणि म्हणाले, "खोटं बोलते पोरी, हे."
आकडा सरसर चढला. नऊ. अकरा. चौदा.
हमाल हसले. मीही.
भाऊ तेवढे हसले नाहीत.
"माही वाफ समजते याले,
मंग गंजीची काहून नाही?"

रात्री सावद्याला परतल्यावर सापडलं:
डिंक कमी पडला होता.

चुकलेले कागद मागच्या केळीत पुरले.
पावणेदोन महिन्यांनी उकरलं, तर
माती, एक गांडूळ,
आणि फणीचा एकच दात,
काळा.