तिसरी बॅच, भोसरी

फळ्यावर मी लिहिलं : रोबोटिक्स.
खाली रेघ मारली आणि हौसेनं सांगायला लागले
की मूळ शब्द चेक, शंभरेक वर्षांपूर्वी
एका नाटकातून जगभर गेलेला.
रोबोटा, म्हणजे
जमीनदाराच्या शेतात कुळानं
आठवड्यातले ठरलेले दिवस
फुकट राबायचं, ते.

पुढच्या बाकावरच्या पोरांनी 'चेक' लिहून घेतलं.
एकानं विचारलं, परीक्षेला आहे का?

मागून खैरमोडे म्हणाले,
"म्हणजे वेठ."

खैरमोडे वेल्डर. बावन्न वर्षं, कंपनीनं पाठवलेले.
डाव्या मनगटावर ठिणग्यांचे पांढरे डाग,
तीळ सांडल्यासारखे.
"पणजा आमचा भोरकडचा. संस्थानात
साहेबाचा तंबू डोक्यावर घेऊन घाट चढायचा.
दारात हाळी आली की भाकरी टोपल्यातच.
एवढ्या लांबनं कशाला आणायचा शब्द, मॅडम?"

खडू माझ्या हातात तसाच.

दुपारी जाळीच्या पिंजऱ्यात पिवळा हात.
सांधे सहा, कुरकुरत नाही एकही.
खैरमोडेंनी पेंडंट घेतलं,
बिंदू बिंदू शिकवत गेले :
इथं ये. थांब. आता मनगट जरा आत,
झोपलेलं पोर उठू नये म्हणून
कडी लावताना वळतं ना, तेवढंच.
तीस वर्षांत बसलेलं ते वळण
त्यानं एकदा घेतलं,
मग पुन्हा. पुन्हा.
मधे चहाची वेळ होऊन गेली.

वेल्ड गार झाल्यावर अंगठा फिरवून म्हणाले,
"काम चोख आहे. पण ही वेठ नव्हं."
का हो?
"ह्याला वेठ मारता कुठं येते?
पणजा खुंट्या कच्च्या ठोकायचा, मुद्दाम.
मध्यरात्री वारं सुटलं
की तंबू साहेबाच्या अंगावर.
तेवढं त्याचं स्वतःचं."
पोरं खो खो हसली. मीसुद्धा.
पिवळा हात पुढचा तुकडा येईस्तोवर
हवेत थांबून होता.

सुटताना फॉर्म भरून घ्यायचे होते.
'प्रशिक्षणाचा हेतू' ह्या रकान्यात
कंपनीनं आधीच टाइप केलेलं :
तीन वेल्डरांचं काम एका सेलवर.
खैरमोडेंनी ते चष्मा लावून वाचलं,
दोनदा वाचलं बहुतेक,
आणि खाली सही केली
कुणालाही लागू नये अशी.