वाचननोंद, आठवी ब

बेचाळीस वह्या.
वरची पंख्याच्या वाऱ्यानं उघडते, मिटते,
बोलू की नको असं चाललंय तिचं.

लेंगऱ्याहून विट्यापर्यंत एस.टी.त
मांडीवर घेऊन आले सगळ्यांना.
कंडक्टर म्हणाला, मॅडम, यांचं अर्धं तिकीट काढा.

केंगार सरांनी तक्ता दिलाय:
आशय चार, भाषा दोन, शुद्धलेखन दोन,
स्वतःचं मत दोन.
दोन मार्कांचं मत.
अर्धं पटलं, अर्धं नाही, असं असेल तर
एक द्यायचा बहुतेक.

पुस्तक एका दीपगृहाच्या राखणदाराचं,
ज्याला समुद्राचा कंटाळा आलेला असतो.
शाळेत बारा प्रती, आळीपाळीनं वाचायच्या,
पुठ्ठ्याला खळ लावून मीच चिकटवलेल्या.

पहिल्या अकरा वह्यांत शेवटचं वाक्य एकच:
'या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो की'
आणि त्या 'की'च्या पुढे
खरे बोलावे, झाडे लावावीत,
आईवडिलांचा मान राखावा.
झाडं कुठून आली तिथं?
खडकावर गवताची काडी नाही.
लाल पेन उचललं, आणि आठवलं,
जूनमध्ये फळ्यावर मीच लिहिलं होतं,
शेवटी बोध लिहावा.
खाली दोन रेघा मारून.

हर्षल देवकरनं मलपृष्ठ उतरवलंय,
किंमत रुपये ऐंशी धरून.
अक्षर मोत्यासारखं. एकही चूक नाही.
शुद्धलेखन, दोनपैकी दोन.

यास्मिन मुलाणी:
'मला त्याची बायको आवडली.
ती पुस्तकात एकदाच येते, पान सत्तेचाळीस.
बोटीतून ऊतरते, एकशेबारा पायऱ्या चढते,
डबा देते आणि परत जाते.
लेखकाने तिला पाणीसुद्धा विचारले नाही.'

'ऊतरते'मधल्या दीर्घ ऊवर
पेन टेकलं, आणि तिथंच राहिलं.
उठून पुस्तक काढलं. पान सत्तेचाळीस.
खरंच की.
सात वर्षं वाटतेय मी हे पुस्तक,
त्या जिन्यात बाई कधी दिसली नव्हती मला.
आता दम लागलेला ऐकू येतोय.

मग अवधूत मुळीक. चार ओळी.
'मी बावीस पानांपर्यंत वाचले.
तो घरी पत्र लिहितो आणि बोट येत नाही.
म्हणून पुढे वाचले नाही.
आमचे पप्पा सेलमला गलाईला असतात.'
आवडलेलं पात्र, रकाना कोरा.
बोध, कोरा.

तक्ता उलटासुलटा करून पाहिला.
पुस्तक मिटणाऱ्याला मार्क कुठल्या ओळीत?

गेल्या दिवाळीत त्याचे वडील भेटले होते,
स्टँडवर, नव्या बुटांत अवघडलेले.
बोटांची कातडी तेजाबानं पिवळी.
मी उगाच विचारलं, काम कसं असतं?
म्हणाले, 'सोनाराच्या दुकानातला केर घेतो आम्ही.
झाडून काढलेला. पायपुसण्यासुद्धा.
जाळायचं, धुवायचं, पुन्हा जाळायचं,
तेव्हा कुठं गुंजभर हाताला लागतं.
पण केर म्हणून टाकायचा नसतो, मॅडम.'
आणि विचारलं, पोरगं वाचतंय का?
मी म्हटलं, वाचतंय.
त्याची वही तेव्हा मी उघडलीही नव्हती.

रात्रीचे पावणेबारा.
शेजारच्या खोलीत नवऱ्याचं घोरणं,
रस्त्यावर ऊसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मोठ्यानं गाणी.
लाल पेनाला टोपण लावलं.
शिसपेन्सिलीनं, खोडता येईल असं,
अवधूतच्या समासात लिहिलं:

बोट येते. पान सत्तेचाळीस.
उशीर होतो, पण येते.
कोण उतरतं ते यास्मिनला विचार.

'उतरतं' लिहिताना ऱ्हस्व की दीर्घ,
क्षणभर माझाच गोंधळ झाला.

मार्कांची चौकट रिकामी ठेवलीय.
केंगार सर विचारतील.
अजून अठ्ठावीस वह्या आहेत.