सोळा पानी फर्मा

एलेउतेरिओ बिदेगाईन जुलैत येतो, ऐन थंडीत,
काखेत थर्मास, हातात येर्बाच्या चहाचा तुंबा,
आणि म्हणतो, "नेलिदा, या वेळी साठ प्रती."
मी म्हणते, मागच्या चाळीसातल्या एकोणीस
अजून तुझ्या पलंगाखाली आहेत.
तो म्हणतो, "हे पुस्तक लांबचं आहे."
जसं काही लांबच्या पुस्तकाला
कागद कमी लागतो.

पायसान्दूच्या बंदरावर तो धान्याचे ट्रक तोलतो.
भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी.
एक ट्रक गेला, दुसरा यायचाय, तेवढ्यात
वजनाच्या पावत्यांच्या पाठीवर
माणसं चार लाख वर्षं पुढे नेतो.
पुढे म्हणजे कुठे, विचारलं
तर नदीपलीकडे, अर्जेंटिनाकडे हात करतो
आणि मग स्वतःच हसतो,
कारण तिकडे त्याची बहीण राहते.

प्रकाशकांनी उत्तरं दिली नाहीत.
एकाने दिलं: "पात्रांना नावं द्या."
पण त्याच्या माणसांना तोवर नावं उरलेली नसतात,
वास असतो फक्त,
आणि त्यावरूनच ती एकमेकांना हाक मारतात.

मी त्याची पुस्तकं वाचत नाही, शिवते.
म्हणजे वाचते, पण तावाच्या क्रमाने.
फर्म्याला अजून घडी पडलेली नसते तेव्हा
एक नंबरच्या शेजारी सोळा बसलेलं असतं,
आणि आठ नंबर उलटं, एकाच्या डोक्याला डोकं लावून.
त्यामुळे आभाळातला दक्षिणेचा क्रूस मोडला,
चारी तारे चार वाटांनी गेले,
हे मला आधी कळतं,
आणि त्याच तावावर, वीतभर अंतरावर,
कुणीतरी पोराच्या सदऱ्याला बटण लावत असतं.
समुद्र जाण्याआधीच परत येतो.
एक म्हातारी, पाय वर,
शेवटच्या झाडाला पाणी घालते,
आणि थेंबही सांडत नाही माझ्या टेबलावर.

यंदा तेराव्या फर्म्यात
माणसांना हातच नव्हते.
गरज संपली होती म्हणे.
मी तो ताव दुमडला, हाडाच्या पट्टीने घडी दाबली,
पुन्हा उघडला,
आणि समासात पेन्सिलीने लिहिलं:
मग तान्ह्याची पाठ कोण थोपटतं?

तो आठ दिवस फिरकला नाही.
सोयाबीनचा हंगाम होता, म्हणाला नंतर.
जुलैत सोयाबीनचा हंगाम नसतो.
एकच ओळ बदलून आणली होती,
पावतीच्या पाठीवर, एकतीस टनांच्या खाली:
"हात गेले होते. पण तान्हं रडलं
की सगळ्यांचे खांदे हलत."

त्या एका ओळीसाठी अख्खा फर्मा पुन्हा छापला.
पैसे मागितले नाहीत.
चहा तेवढा दोनदा भरून घेतला,
आणि दुसऱ्यांदा भरताना पाहिलं,
त्याच्या उजव्या अंगठ्याला
वजनकाट्याच्या दाराने केलेली जुनी खाच आहे.

साठातली एक प्रत चुकीची शिवली गेली.
तेरावा फर्मा पहिल्या जागी.
मुद्दाम नाही, दिवे गेले होते,
आणि बोटांना अंधारात आकडे दिसत नाहीत.
उसवता आली असती. उसवली नाही.
जो कुणी ती घेईल
त्याच्याकडे हात आधी जातील, मग येतील,
आणि खूप नंतर
कुणीतरी बटण लावायला शिकेल.

शनिवारच्या बाजारात त्याने तीन विकल्या.
चौथी एका बाईने परत आणली,
शेवट नाही म्हणून.
मी उघडून पाहिली.
ती नव्हती.